अर्ध्या लढतीचा भाव

चॅम्पियन्स लीगची सेमीफायनल जवळ आली, की नियमित फुटबॉल पाहणाऱ्याला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, ‘उद्या कोण जिंकणार?’ दुसरा जरा डिवचून, ‘एवढं कळतं तुला, मग पैसे का नाही लावत?’

दुसऱ्या प्रश्नामागे एक समजूत आहे. ज्याला खेळ कळतो त्याला निकाल आधी कळतो, आणि ज्याला निकाल कळतो तो बुकीकडून पैसे काढू शकतो. या साखळीतल्या दोन्ही कड्या कच्च्या आहेत, आणि ते तपासायला सेमीफायनलच्या पहिल्या लेगइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही. युरोपात रात्री नऊला सुरू होणारा हा सामना आपल्याकडे मध्यरात्री साडेबाराला सुरू होतो. अडीचच्या सुमारास तो संपतो, फलकावर आकडे असतात, आणि तरीही फायनलला कोण जाणार हे ठरलेलं नसतं.

१. दोन रात्रींची एक लढत

सेमीफायनल एका सामन्याची नसते. दोन्ही संघ एकेकदा आपापल्या मैदानावर खेळतात. पहिला सामना म्हणजे पहिला लेग, साधारण आठवड्याभरानं होणारा परतीचा सामना म्हणजे दुसरा लेग. दोन्ही सामन्यांतल्या गोलांची बेरीज करतात आणि ज्याची बेरीज जास्त तो फायनलला जातो. बेरीज सारखी झाली तर दुसऱ्या लेगलाच तीस मिनिटांचा जादा वेळ, आणि तरीही कोंडी फुटली नाही तर पेनल्टी शूटआऊट. फायनल मात्र एकच सामना असते आणि तिचं मैदान आधीच ठरलेलं असतं.

क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर पहिला लेग हा कसोटीतला पहिला डाव आहे. दीडशे धावांची आघाडी घेतली म्हणून कसोटी जिंकली असं कोणी म्हणत नाही, पण त्या आघाडीनं पुढचा सगळा खेळ बदलतो. कोण धोका पत्करणार, कोण वेळ काढणार, हे त्या आघाडीवर ठरतं. म्हणून पहिल्या लेगबद्दल ‘कोण जिंकणार’ एवढंच विचारणं अपुरं आहे. ‘किती फरकानं’ आणि ‘कोणाच्या मैदानावर’ हे दोन्ही सोबत विचारावं लागतं.

२०२० साली करोनामुळे क्वार्टर फायनलपासूनचे सगळे सामने लिस्बनमध्ये एकेरी झाले. त्याच फेरीत बायर्न म्युनिकनं बार्सिलोनाला ८-२ असं हरवलं. परतीचा सामना नव्हता, सावरायला दुसरी रात्रही नव्हती.

२. यजमान असण्याची किंमत

घरच्या मैदानाचा फायदा खरा आहे आणि तो मोजता येतो. २०२१ च्या जूनमध्ये युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेनं एक जुना नियम रद्द केला, तेव्हा तिनं स्वतःचेच आकडे मांडले. १९७० च्या दशकाच्या मध्यात तिच्या पुरुषांच्या स्पर्धांमध्ये यजमान संघ ६१ टक्के सामने जिंकत आणि पाहुणे १९ टक्के. ते प्रमाण २०२१ पर्यंत ४७ आणि ३० वर आलं होतं. गोलांची सरासरी यजमानांसाठी २.०२ वरून १.५८ वर उतरली, पाहुण्यांसाठी ०.९५ वरून १.१५ वर चढली. प्रवास सुखाचा झाला, मैदानं सारखी झाली, पंचांच्या मदतीला व्हिडिओ आला. फायदा आटला, संपला मात्र नाही. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे त्यांच्यावरच गणित करायचं आहे.

रद्द झालेला नियम ‘अवे गोल’चा. १९६५-६६ च्या कप विनर्स कपपासून तो चालत आला होता. एकूण गोल सारखे झाले, तर परक्या मैदानावर ज्यानं जास्त गोल केले तो पुढे. नियम पाहुण्यांना धीट करण्यासाठी आणला, पण त्याचा उलटाच परिणाम दिसू लागला. पहिल्या लेगचे यजमान गोल करण्यापेक्षा गोल न खाण्याची काळजी करू लागले. २०२१-२२ च्या हंगामापासून हा नियम गेला, आणि पहिल्या लेगला मोकळा श्वास घेता आला असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याच हंगामात सेमीफायनलच्या पहिल्या लेगमध्ये मँचेस्टर सिटीनं रेआल माद्रिदला ४-३ असं हरवलं. दुसऱ्या लेगमध्ये रेआल नव्वद मिनिटांत २-१ जिंकलं, बेरीज ५-५ झाली. जुना नियम असता तर मँचेस्टरमध्ये केलेल्या तीन गोलांच्या जोरावर रेआल तिथेच पुढे गेलं असतं. नव्या नियमानं जादा वेळ खेळावा लागला. तिथे बेन्झेमानं पेनल्टीवर गोल केला आणि रेआल ६-५ नं फायनलला गेलं.

घर आणि परकं मैदान हा भेदच पुसला गेला तर? २०२३ ची सेमीफायनल मिलान आणि इंटर या एकाच शहरातल्या, एकाच सान सिरो मैदानावर खेळणाऱ्या संघांत झाली. कोल्हापूरच्या वाचकाला हे नवं वाटणार नाही. तिथल्या तालमींचे फुटबॉल संघ वर्षानुवर्षं एकाच शाहू स्टेडियमवर एकमेकांशी भिडत आले आहेत. सान सिरोवर फरक होता तो फक्त गॅलरीत. पहिल्या लेगला बहुतेक तिकिटं यजमान मिलानच्या चाहत्यांकडे होती. तरीही ‘पाहुण्या’ इंटरनं पहिल्या अकरा मिनिटांत दोन गोल केले आणि सामना २-० जिंकला.

३. भाव वाचायचा कसा

बुकी प्रत्येक निकालाला एक आकडा लावतो. आपल्याकडे त्याला ‘भाव’ म्हणतात. युरोपातली प्रचलित पद्धत दशांश भावाची आहे. भाव २.०० म्हणजे शंभर रुपये लावले आणि जिंकलात, तर मुद्दलासकट दोनशे परत. भाव ३.५० म्हणजे साडेतीनशे परत. भाव जितका लहान, तितकी ती गोष्ट घडण्याची शक्यता बुकीला जास्त वाटते.

भावातून शक्यता काढायला एकच भागाकार लागतो, शंभराला भावानं भागायचं. समजा, एका पहिल्या लेगसाठी यजमानांचा भाव २.००, बरोबरीचा ३.५० आणि पाहुण्यांचा ३.८० आहे (उदाहरणासाठी घेतलेले आकडे). भागाकार केला की यजमान ५० टक्के, बरोबरी २८.५७ टक्के, पाहुणे २६.३२ टक्के.

एवढ्यावरच एक मोठा गैरसमज दूर होतो. २.०० भावाचा यजमान संघ सगळ्या वर्तमानपत्रांत ‘फेव्हरिट’ म्हणून छापून येतो. पण तो जिंकण्याची शक्यता जितकी, तितकीच न जिंकण्याची. तो हरला किंवा बरोबरी झाली की दुसऱ्या दिवशी ‘खळबळजनक निकाल’ असा मथळा येतो. भाव वाचता येणाऱ्याला त्यात खळबळ दिसत नाही, कारण निम्म्या वेळा असंच होणार होतं.

४. बेरीज शंभरच्या वर का जाते

आता वरच्या तीन शक्यता मिळवा. ५०, २८.५७ आणि २६.३२ मिळून १०४.८९ होतात. सामन्याला तीनच शेवट शक्य आहेत, म्हणजे बेरीज १०० यायला हवी. वरचे ४.८९ हा बुकीचा वाटा.

तो खिशातून कसा जातो ते पाहू. निकाल काहीही लागला तरी आपल्याला बरोबर शंभर रुपये मिळावेत असं ठरवलं, तर यजमानांवर ५० रुपये, बरोबरीवर २८ रुपये ५७ पैसे आणि पाहुण्यांवर २६ रुपये ३२ पैसे लावावे लागतील. खर्च १०४ रुपये ८९ पैसे, हाती १०० रुपये. खेळाबद्दल काहीही माहिती नसलेल्या माणसाला लावलेल्या प्रत्येक शंभरातून दीर्घकाळात सुमारे ९५ रुपये ३० पैसे परत मिळतात. उरलेल्या पावणेपाच रुपयांवर दुकान चालतं. भाव ठरवणाऱ्याला निकाल अचूक सांगता यावा लागत नाही. शक्यता साधारण बरोबर मांडता आल्या आणि वाटा राखता आला की त्याचं भागतं.

चार सामन्यांचा एकत्रित डाव घेतला, म्हणजे चारही बरोबर आले तरच पैसे, तर हा वाटा चार वेळा कापला जातो. ०.९५३ ला चार वेळा गुणा, उत्तर ०.८२५ येतं. शंभरातले साडेसतरा रुपये आधीच गेले. ‘शंभर लावा, पाच हजार न्या’ अशा जाहिराती नेमक्या याच प्रकारच्या डावाच्या असतात. मोठ्या भावाची भूल जुनीच आहे. १९४९ साली अमेरिकेत ग्रिफिथ या संशोधकानं घोड्यांच्या शर्यतींचे भाव तपासले. लोक दुबळ्या घोड्यांवर त्यांच्या लायकीपेक्षा जास्त पैसे लावतात आणि दमदार घोड्यांवर कमी, असं त्याला आढळलं.

मग कोणीच जिंकत नाही का? जिंकतात, पण ते सोफ्यावर बसून सामना पाहणारे नसतात. ब्रायटन क्लबचे मालक टोनी ब्लूम आणि ब्रेंटफर्डचे मालक मॅथ्यू बेनहॅम या दोघांनीही बेटिंगच्या गणितावर संपत्ती उभी केली. त्यांच्या कंपन्यांत विश्लेषक पूर्ण वेळ आकडेमोड करतात आणि बाजारभावापेक्षा किंचित सरस अंदाज बांधतात. बुकीचा वाटा कापूनही नफा उरेल एवढी आघाडी त्यांना सतत टिकवावी लागते. एखाद्या गिऱ्हाइकाला ती जमली, तरी अनेक बेटिंग कंपन्या अशा माणसाला मोठी रक्कम लावूच देत नाहीत. तसं अडवण्याची मुभा त्यांनी स्वतःच्या अटींत आधीच राखून ठेवलेली असते.

ब्रिटनमध्ये १९६१ च्या मे महिन्यात रस्त्यावरची बेटिंग दुकानं कायद्यानं सुरू झाली, त्यामुळे तिथल्या सामन्याच्या वार्तांकनात भाव सर्रास छापतात. आपल्याकडे तसं नाही. महाराष्ट्रात १८८७ चा जुगारबंदी कायदा आहे, आणि २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी आणली. महालक्ष्मी किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर घोड्यांवर पैसे लावता येतात, कारण घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली मान्य केलं. फुटबॉलला ती वाट नाही. खुद्द खेळाडूंना तर जगभर मनाई आहे. २०२३ ची सेमीफायनल मिलानकडून खेळलेला सांद्रो तोनाली त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेटिंगच्या प्रकरणात दहा महिन्यांसाठी बाहेर बसला.

५. गोल मोजायचं गणित

बुकी शक्यता काढतात कशा, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल. १८९८ साली बोर्टकिएविच नावाच्या संख्याशास्त्रज्ञानं प्रशियाच्या सैन्यात घोड्याची लाथ बसून मेलेल्या सैनिकांच्या नोंदी तपासल्या. असे मृत्यू क्वचित होत, पण ते होण्याचा संभव रोजचा होता. बहुतेक वर्षी एका तुकडीत एकही नाही, काही वर्षी एक, क्वचित दोन. ही विखुरणी पॉइसाँ या फ्रेंच गणितज्ञाच्या सूत्राशी चपखल जुळली. सूत्राला फक्त सरासरी द्यायची. शून्य वेळा, एकदा, दोनदा घडण्याची शक्यता ते सांगतं.

फुटबॉलमधला गोलही असाच असतो. नव्वद मिनिटांत तो केव्हाही होऊ शकतो, होतो मात्र क्वचित. १९८२ साली मेहर या संशोधकानं हे सूत्र फुटबॉलच्या गोलांना लावून दाखवलं. १९९७ मध्ये डिक्सन आणि कोल्स यांनी ०-० आणि १-१ सारख्या कमी गोलांच्या निकालांसाठी त्यात दुरुस्ती केली. आजची बरीच गणितं त्यांच्याच खांद्यावर उभी आहेत.

आपण दुरुस्ती सोडून देऊ आणि युएफाच्या सरासऱ्या सूत्रात घालू. यजमान १.५८ गोल, पाहुणे १.१५. यजमानांना एकही गोल न मिळण्याची शक्यता २०.६ टक्के निघते, पाहुण्यांना न मिळण्याची ३१.७ टक्के. दोन्ही एकत्र घडायचं तर गुणाकार, म्हणजे ०-० ची शक्यता साडेसहा टक्के. असेच सगळे निकाल काढून मिळवले की यजमान ४७ टक्के, बरोबरी २५, पाहुणे २८ असं उत्तर येतं. युएफाचं प्रत्यक्ष प्रमाण यजमान ४७, पाहुणे ३०, उरलेल्या २३ टक्के बरोबऱ्या. नुसत्या दोन सरासऱ्यांवरून हे सूत्र वास्तवाच्या इतक्या जवळ जातं, हे मला आजही विलक्षण वाटतं.

पण याच सूत्राचा दुसरा पैलू तेवढाच महत्त्वाचा. सगळ्यांत संभाव्य निकाल निघतो १-१, आणि त्याची शक्यता जेमतेम १२ टक्के. त्याखालोखाल १-० आणि २-१, साधारण दहा आणि नऊ टक्के. म्हणजे जगातला सर्वांत हुशार माणूस अचूक आकड्यासह निकाल सांगू लागला, तरी तो आठपैकी सात वेळा चुकेल. यात त्याच्या अभ्यासाची कमतरता नाही. ज्या खेळात नव्वद मिनिटांत अडीच-तीन गोल होतात, त्या खेळात नशिबाला एवढी जागा राहणारच.

६. एका गोलाची आघाडी

आता पहिला लेग संपला असं धरू. दोन्ही संघ तुल्यबळ आहेत आणि परतीच्या सामन्यालाही वरच्याच सरासऱ्या लागू आहेत. बेरीज सारखी झाली तर पुढची शक्यता निम्मी-निम्मी मानू.

पहिल्या लेगमध्ये बरोबरी झाली, तर परतीच्या सामन्याचे यजमान ६० टक्के वेळा फायनलला जातात. स्वतःच्या मैदानावर १-० जिंकलेला संघ पुढे जाण्याची शक्यता ६४ टक्के. पण तोच १-० चा विजय परक्या मैदानावर मिळवला असेल, तर शक्यता ८१ टक्क्यांवर जाते. गोलांचा फरक तोच, अर्थ वेगळा. दूरदर्शनवरचे समालोचक दोन्हींना ‘निसटती आघाडी’ म्हणतात, ते मला पटत नाही. घरची एका गोलाची आघाडी खरोखर निसटती असते, पाहुण्याची मात्र घट्ट.

२०२५ मध्ये पॅरिस सेंट-जर्मेननं लंडनमध्ये आर्सेनलला १-० असं हरवलं. गोल चौथ्याच मिनिटाला देम्बेलेनं केला होता. परतीचा सामनाही पॅरिसनं २-१ जिंकला. २०१९ मध्ये आयॅक्सनं लंडनमध्येच टॉटनमवर तशीच १-० ची आघाडी घेतली आणि अॅमस्टरडॅममध्ये आणखी दोन गोल केले. मग लुकास मौरानं दुसऱ्या अर्धात तीन गोल मारले, तिसरा अगदी अखेरच्या क्षणी, आणि अवे गोलवर टॉटनम फायनलला गेलं. ८१ टक्के म्हणजे पाचातून एकदा असं व्हायचंच.

स्वतःच्या मैदानावर दोन गोलांची आघाडी घेतली तर ८३ टक्के, तीन गोलांची तर ९३ टक्के. १ मे २०१९ रोजी बार्सिलोनानं लिव्हरपूलला ३-० हरवलं तेव्हा ते या शेवटच्या पायरीवर उभे होते. मेस्सीनं लांबून मारलेली फ्री किक भिंतीवरून वळत वरच्या कोपऱ्यात गेली, तो त्याचा बार्सिलोनासाठीचा सहाशेवा गोल. शेवटच्या क्षणी देम्बेलेला अगदी समोरून गोलची संधी मिळाली होती. फटका कमजोर बसला आणि चेंडू गोलरक्षकाच्या हातात गेला. त्या रात्री ती चूक कोणाला फारशी टोचली नाही.

जादा वेळेशिवाय पुढे जायला लिव्हरपूलला चार गोलांच्या फरकानं जिंकणं भाग होतं. आपल्या गणितात याची शक्यता तीन टक्क्यांच्या थोडी वर निघते. सहा दिवसांनी लिव्हरपूलच्या अॅनफिल्ड मैदानावर सातव्या मिनिटाला ओरिगीनं पहिला गोल केला. मध्यंतराला बदली म्हणून आलेल्या वाइनाल्डमनं दोन मिनिटांत दोन गोल केले. एकोणऐंशीव्या मिनिटाला अलेक्झांडर-आर्नल्डनं बार्सिलोनाचे खेळाडू बेसावध असताना झटकन कॉर्नर घेतला आणि ओरिगीनं चौथा गोल ढकलला. ४-०. देम्बेलेचा तो फटका आत गेला असता, तर हीच संध्याकाळ जादा वेळात गेली असती.

७. प्रीव्ह्यू वाचताना

सामन्याआधीच्या लेखांत काय वजनदार आणि काय भरताड, हे ओळखायला थोडी सवय लागते.

दोन संघांतला जुना इतिहास सहसा भरताड. ‘या संघानं इंग्लिश क्लबविरुद्ध गेल्या अमुक सामन्यांत हार पाहिलेली नाही’ हे वाक्य वाचायला भारदस्त वाटतं. पण त्या सामन्यांतले निम्मे खेळाडू आणि बहुतेक प्रशिक्षक आता तिथे नसतात.

दुखापतींच्या बातम्यांना वजन आहे, पण आपण देतो तेवढं नाही. अॅनफिल्डच्या त्या रात्री लिव्हरपूलकडे सलाह आणि फिर्मिनो दोघेही नव्हते. ओरिगी खेळला तो याच कारणानं. मोठं नाव बाहेर गेलं की भाव लगेच हलतो, त्यामुळे ती बातमी वाचून पैसे लावणारा आधीच उशिरा पोहोचलेला असतो. गोलरक्षक किंवा मधल्या फळीतला चेंडू हिसकावणारा खेळाडू बाहेर असेल तर मी जास्त लक्ष देतो. त्यांच्याबद्दल लेखात दोनच ओळी असतात, पण भोक तिथेच पडतं.

कार्डांचा नियम माहीत असावा. पूर्वी सेमीफायनलमध्ये मिळालेलं पिवळं कार्ड खेळाडूची फायनल हिरावून घेऊ शकत असे. २००३ मध्ये युव्हेंटसच्या पावेल नेदवेदनं रेआलविरुद्ध गोल केला, त्याच सामन्यात त्याला पिवळं कार्ड मिळालं आणि फायनल त्यानं बाहेर बसून पाहिली. आता क्वार्टर फायनलनंतर साठलेली पिवळी कार्डं पुसली जातात, त्यामुळे खेळाडू मोकळेपणानं आडवे जातात.

मला सर्वांत उपयोगी वाटणारा आकडा म्हणजे ‘अपेक्षित गोल’. प्रत्येक फटक्याला, तो जिथून आणि जसा मारला त्यावरून, गोल होण्याची शक्यता जोडतात. पेनल्टीला पाऊणच्या थोडी वर, तीस मीटरवरून मारलेल्या फटक्याला दोन-चार शतांश. सामन्यातल्या सगळ्या फटक्यांची बेरीज म्हणजे त्या संघाचे अपेक्षित गोल. एखादा संघ गेले दोन महिने १-० नं जिंकत असेल, पण त्याचे अपेक्षित गोल दर वेळी प्रतिस्पर्ध्यापेक्षा कमी असतील, तर त्याचा ‘फॉर्म’ उधारीवर चालला आहे असं समजावं.

८. ‘सामना’ आणि ‘पात्र’

शेवटचा मुद्दा दिसायला किरकोळ आहे, पण सगळ्यांत जास्त माणसं त्यात अडखळतात. बुकीच्या पाटीवर एकाच लढतीचे दोन वेगळे बाजार असतात. एक, या सामन्यात कोण जिंकेल, आणि तो नव्वद मिनिटं अधिक पंचांनी वाढवलेला वेळ एवढ्यावरच मिटतो. दुसरा, फायनलसाठी कोण पात्र ठरेल. पहिल्या लेगला जादा वेळच नसतो, त्यामुळे गोंधळ होत नाही. दुसऱ्या लेगला होतो.

२०२५ ची बार्सिलोना-इंटर सेमीफायनल घ्या. पहिला लेग बार्सिलोनात. तिसाव्याच सेकंदाला थुरामनं टाचेनं गोल केला, इंटर २-० पुढे गेलं, मग बार्सिलोनाच्या सतरा वर्षांच्या लामिन यामालनं एकट्यानं घुसून गोल केला आणि रात्र ३-३ वर संपली. आपल्या सरासऱ्यांच्या सूत्रात ३-३ ची शक्यता एक टक्का. पण सरासऱ्या सगळ्या युरोपच्या होत्या. त्या मोसमातलं बार्सिलोना बचावफळी जवळजवळ मध्यरेषेपर्यंत वर आणून खेळत असे, त्यामुळे दोन्ही बाजूंना गोल होणार हे त्यांचे सामने पाहणाऱ्या कोणालाही दिसत होतं. खेळ कळण्याचा उपयोग होतो तो असा, सूत्रात घालायची सरासरी दुरुस्त करायला.

बरोबरीनंतरचा दुसरा लेग इंटरच्या घरी, म्हणजे आपल्या हिशेबानं इंटर ६० टक्के. सत्त्याऐंशीव्या मिनिटाला राफिन्यानं बार्सिलोनाला ३-२ असं पुढे नेलं. तिसऱ्या वाढीव मिनिटाला इंटरचा सदतीस वर्षांचा बचावपटू आचेर्बी पुढे धावत गेला आणि त्यानं ३-३ केलं. जादा वेळेत नव्व्याण्णवाव्या मिनिटाला फ्रात्तेसीनं विजयी गोल केला. सामना ४-३, एकूण ७-६, इंटर फायनलला.

ज्यानं ‘इंटर पात्र ठरेल’ यावर पैसे लावले होते त्याला ते मिळाले. ज्यानं त्याच संघावर, त्याच विश्वासानं, ‘इंटर सामना जिंकेल’ या बाजारात लावले होते, त्याचा निकाल फ्रात्तेसीच्या गोलाआधीच लागून गेला होता. बुकीच्या वहीत तो सामना ३-३ असा बरोबरीतच नोंदला गेला.